विशाखापट्टणची रेती

पोळ्याच्या दिवशी घागऱ्यांच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत. पुरणपोळी आधी बैलांना आणि मग माणसांना, ही एक. दुसरी अशी, की घरातला मोठा फैसला याच दिवशी व्हायचा आणि तो ज्याने सांगायचा त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगायचा. नत्थूजींचे वडील शालिकराम यांनी रामाकोन्याकडच्या मँगनीजच्या खाणीतली मजुरी सोडून पांढुर्ण्याला शेत घेतलं, तेव्हा त्यांनी ही रीत पाडली. तसा हात ठेवून बोललेला शब्द आजवर घरात कोणी मोडला नव्हता. अलीकडे अडचण एवढीच झाली होती, की शेतातली कामं ट्रॅक्टर करत होता आणि चितऱ्या-मोहऱ्याची जोडी नत्थूजींच्या मुलाने, हेमराजने, निव्वळ पोळ्यासाठी राखली होती. वर्षभर ते दोघे कडबा खात आणि फैसल्याची वाट पाहत.

या वर्षीचा फैसला प्रणालीचा होता. हेमराज आणि अमिताची ही एकुलती एक मुलगी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि तिला विशाखापट्टणच्या बंदरावर, जहाजातून उतरणारं खनिज तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. होय की नाही ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. तीन वाजले होते.

जेवणं आटोपून सगळे अंगणात बसले होते. नत्थूजी त्यांच्या लोखंडी खुर्चीवर होते. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली चौतीस वर्षं पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली. ते बाजारात निघाले की पन्नाशीचे व्यापारी गल्ल्यावरून उठून उभे राहत आणि विचारत, "सर, डॉल्फिनचं नाक काय म्हणते?" बाकीचे धडे घागरे सर पुस्तकातून शिकवत, पण विशाखापट्टणचा धडा डोळ्यांनी पाहिलेला होता. त्या धड्याला ते समुद्रावरून आणलेला शंख वर्गात फिरवत. प्रत्येक पोराने तो कानाला लावायचा आणि मगच वहीत नकाशा काढायचा. पांढुर्ण्याच्या दोन पिढ्यांनी समुद्र ऐकला तो असा.

"बाबूजी, तिथं तुफान येते," हेमराज म्हणाला. "म्या मोबाइलवर पाहिलं. चौदा सालचं ते हुदहुद. झाडं मुळासकट. विमानतळाचं छप्पर उडून गेलं."

"आन उद्या इथं काय होऊन राहिलं?" पलीकडून भैय्याजींनी विचारलं. भैय्याजी म्हणजे नत्थूजींच्या पत्नी प्रेमलताबाईंचे धाकटे भाऊ, जाम नदीपलीकडच्या सावरगावचे. दर पोळ्याला बहिणीकडे जेवायला येत आणि दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीत आपल्या गावाच्या बाजूने उभे राहत. सत्तरी उलटल्यावर ते गोटे मारत नसत, नुसती बाजू घेत. "उद्या सकाळी नदीत पळसाचं झाड रोवतील आन दोन्ही गावं एकमेकाइले गोट्यानं हाणतील. आन हे लोक समुंदराच्या हवेले भेऊन राहिले!"

"मामाजी, तुम्ही काडी टाकू नका," हेमराज म्हणाला.

"म्या कुठं टाकली? तुझा बाप आमची पोरगी नदीपल्याड घेऊन आला तवाच पडली ते काडी."

प्रेमलताबाई विडा लावत होत्या. त्यांनी वर न पाहता भावाच्या हातात पान दिलं. भैय्याजींचं तोंड बंद करण्याचा हा एकच उपाय त्यांना ठाऊक होता आणि तोही दोन मिनिटं टिके.

नत्थूजी सगळ्यांचे चेहरे पाहत होते. हेमराज विरुद्ध होता, हे उघड होतं. अमिता नवऱ्याच्या बाजूला बसली होती आणि मघापासून 'इथं जवळच सौंसरच्या कॉलेजात जागा निघन म्हणतात' हे तिचं तिसऱ्यांदा म्हणून झालं होतं. प्रेमलताबाई कोणाकडे आहेत ते बावन्न वर्षांच्या संसारात नत्थूजींना कधीच आधी कळलं नव्हतं. प्रणाली ओट्यावर पाय खाली सोडून बसली होती आणि फक्त त्यांच्याकडे पाहत होती. तिचं ते पाहणं त्यांना आज सोसवत नव्हतं.

"आबाजी, तुम्ही सांगा ना त्याइले," ती म्हणाली. "तुमचा धडा सांगा."

धडा म्हटल्यावर नत्थूजींचं भानच सुटायचं. ते खुर्चीवरून उठले, रांगोळीच्या डब्याजवळची काडी घेतली आणि सारवलेल्या अंगणात नकाशा काढायला बसले. गुडघे कुरकुरले, पण किनारा एका झटक्यात आला.

"हा पूर्व किनारा. लांबच्या लांब सरळ, जहाजाला आसरा म्हणून नाही. आणि इथं हा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. डॉल्फिनचं नाक. वारा याच्यावर आपटतो आणि मागं पाणी शांत राहतं. याला म्हणायचं नैसर्गिक बंदर." घरात कितीही वऱ्हाडी बोलले तरी भूगोल नत्थूजी पुस्तकी मराठीतच बोलत. "पण नुसत्या पाण्यानं बंदर होत नाही. बंदराला पाठ लागते. त्याचा पृष्ठप्रदेश. माल कुठून यायचा? इंग्रजांनी बंदर कशासाठी खोदलं? तर इकडं मध्य प्रांतात मँगनीज होतं, त्याला समुद्रावर जायला जवळची वाट नव्हती. मग रायपूरवरून डोंगर फोडून रेल्वे नेली, एकोणीसशे तेहतीस साली बंदर उघडलं. शालिकरामबुवा रामाकोन्याला टोपल्यांनी जो काळा दगड भरत होते, तसला दगड विशाखापट्टणला जहाजात चढायचा. म्हणजे ते शहर कोणाच्या पाठीवर उभं आहे?"

"आपल्या," प्रणाली शाळेतल्यासारखी म्हणाली.

"आपल्या. आपल्या घराण्यातलं कोणी तिथं गेलं नसेल, पण आपला दगड नव्वद वर्षांपूर्वी जाऊन आलाय."

"आता उलटं आहे, आबाजी. आता आफ्रिकेतून मँगनीज येऊन तिथं उतरते. तेच मले तपासायचं हाय."

"पाहा! दगड उलटा येऊन राहिला," नत्थूजी आनंदाने म्हणाले. मग त्यांनी पानाच्या ताटातून दोन सुपाऱ्या उचलल्या आणि बंदराच्या तोंडाशी ठेवल्या. "आणि ही गंमत. बंदराच्या तोंडाशी लाटा फार यायच्या, रेती साचायची. तेव्हा त्यांनी दोन जुनी जहाजं आणली, दगडांनी भरली आणि मुद्दाम इथं बुडवली. लाटा त्यांच्यावर फुटायच्या आणि नवी जहाजं आत जायची."

भैय्याजींनी हात लांबवून एक सुपारी उचलली आणि तोंडात टाकली. "एक जहाज गेलं," ते म्हणाले.

सगळे हसले, हेमराजसुद्धा. हसता हसता तो उठला आणि गोठ्याकडे गेला. परत आला तो चितऱ्याचा कासरा धरून. चितऱ्याच्या शिंगांना बेगड होती, गळ्यात घुंगरू, अंगावर अमिताच्या लग्नातल्या जुन्या शालूची झूल. सवयीने तो अंगणाच्या मधोमध, बंगालच्या उपसागरात, येऊन उभा राहिला.

"बाबूजी," हेमराज म्हणाला, "म्या काही पोरीचा दुश्मन नाही. मले ते शहर माहीत नाही, म्हणून जीव घाबरते. टीव्हीवर पाहेल अन् डोळ्यानं पाहेल याच्यात फरक हाय. घरात ते शहर डोळ्यानं पाहेल माणूस एकच हाय. तुम्ही बैलावर हात ठेवा आन सांगा, मी ते गाव पाहेल हाय, पोरगी राहू शकते. एवढं म्हणा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. अमिता, तुले चालन?"

"मामाजी म्हणतीन तर चालन," अमिता सासऱ्यांकडे पाहत म्हणाली.

प्रणाली ओट्यावरून उडी मारून खाली उतरली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं. मोबाइल तिच्या हातात होता आणि उत्तर बहुधा लिहून तयार होतं.

नत्थूजी मात्र काडी हातात घेऊन तसेच बसून राहिले.

एक्याऐंशी साली शाळेने त्यांना आणि दत्तात्रय मास्तरांना विशाखापट्टणच्या शिबिराला पाठवलं होतं. नत्थूजींनी एक नवी वही घेतली होती. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वहीत उतरवायची, म्हणजे जमीन समुद्राकडे कशी उतरत जाते ते पोरांना दाखवता येईल, असा बेत होता. पांढुर्णा झालं, नागपूर झालं, गोंदिया, दुर्ग झालं. रायपूरला पाटी प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला होती आणि डब्यातून आकडा दिसत नव्हता. नत्थूजी उतरले, टोकापर्यंत चालत गेले, आकडा नीट सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली रेघ मारली. वळून पाहिलं तर गाडी निघून गेली होती. सामान गेलं, दत्तात्रय मास्तर गेले. खिशात होतं तेवढ्यात पाच दिवस रायपूरच्या धर्मशाळेत काढले. दुसऱ्या गाडीने पुढे जाता आलं असतं, पण भूगोलाच्या मास्तरची गाडी उंची लिहिताना सुटली हे शिबिरात सांगायची त्यांची छाती झाली नाही. शिबिराची परतीची गाडी आली तेव्हा नत्थूजी फलाटावर होते; दत्तात्रय मास्तर त्यांची पिशवी घेऊन उतरले आणि म्हणाले, "मी कुणाला सांगत नाही. हा घे, एक शंख तुझ्यासाठीबी आणला." शब्दाला जागून ते मास्तर दहा वर्षांपूर्वी गेले. पहिल्यांदा वर्गात नत्थूजी 'आम्ही तिथं उभे होतो' असं म्हणाले, तेव्हा दोघांतला एक तरी खरंच उभा होता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढे समजूत घालायची गरजही उरली नाही.

आता फक्त एक हात ठेवायचा होता. खोटं चव्वेचाळीस वर्षांचं होतं, चांगलं मुरलेलं होतं, आणि त्याने पोरीचं भलंच होणार होतं. शहर वाईट नव्हतंच. नत्थूजींना त्याची लांबी, रुंदी, आयात, निर्यात सगळं पाठ होतं. पण तिथं संध्याकाळी बाजारात कशी माणसं असतात, एकट्या पोरीला खोली कोण देतं, पाऊस लागला की रस्त्यात उभं राहायला ओसरी मिळते का, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. आणि हेमराज नेमकं तेच विचारत होता.

ते उठले. चितऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. बैल गरम होता आणि हाताखाली कातडी थरथरली. नत्थूजींना लाज वाटली, अगदी सहावीतल्या पोरासारखी.

"मी विशाखापट्टण पाहेल नाही," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. भैय्याजी सुपारी चावायचे थांबले.

"मी समुद्रच पाहेल नाही. रायपूरच्या पुढं मी कधी गेलोच नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, वही, पाटी, धर्मशाळा, शंख, काही गाळलं नाही. हात बैलावरून काढला नाही.

 मग भैय्याजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! साऱ्या पांढुर्ण्याले इतकी वर्षं समुंदर दाखवला, आन मास्तर रायपूरले उभा! सावरगावात सांगू का मी हे? सांगतोच मी. उद्या गोटमार होणारच नाही, लोक हसूनच मरतीन! भाऊजी, तुमचं जहाज बुडालं!"

"दोन बुडाले, एक माझंबी," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मले माहीत होतं."

आता नत्थूजींचा हात बैलावरून सुटला. "तुले कसं माहीत?"

"शेजारची जयवंताबाई जगन्नाथपुरीहून आली होती, तुमच्या आधीच्या वर्षी. आठ दिवस तिच्या लुगड्यातून रेती पडे. अंथरुणात रेती, पिशवीत रेती, प्रसादाच्या लाह्यात रेती. आन तुम्ही समुंदरावरून आले. तुमचे पायजमे म्या धुतले. शिवणी उलट्या करून पाहिल्या. एक कण नाही पडला." त्यांनी पानाला चुना लावला. "मी म्हटलं, सांगतीन. आज सांगतीन, उद्या सांगतीन. तुम्ही तर वर्गात शंख फिरवाले लागले. मंग मी बी चूप बसली. एवढे खूश होऊन सांगत होते, कायले मोडू?"

चव्वेचाळीस वर्षं ही बाई आपल्याला हसत होती की जपत होती, हे नत्थूजींना कळेना. बहुधा दोन्ही करत असावी.

हेमराजने चितऱ्याचा कासरा गुंडाळायला घेतला. त्याला राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते सुचत नव्हतं. "म्हंजे झालं," तो म्हणाला. "आता कोणाच्या भरोशावर पाठवू? पाहेल माणूस होता तोबी गेला. नाही म्हणून कळव, प्रणाली."

प्रणालीचे डोळे भरले होते. ती आजोबांकडे पाहत म्हणाली, "आबाजी, एक होय म्हटलं असतं तर..."

"म्हटलं असतं बेटा. पण उद्या तुले काही झालं असतं तर बैलाले नाही, मले जबाब द्या लागला असता."

तेव्हा अमिता उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. नत्थूजींना वाटलं, आता ही बोलणार आणि ते ऐकून घ्यावं लागणार. ती पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"सर," ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत ती त्यांना मामाजीच म्हणत आली होती. "मी सहावीत होती. शंख माझ्याजवळ आला तर मी पुढच्या पोरीले देईचना. तुम्ही रागावले नाही. म्हणाले, ऐक अजून. त्या दिवशी मी घरी जाऊन म्हटलं, मी मोठी झाल्यावर विशाखापट्टणले जाईन. माय हसली, बाबा हसले. मंग मी पण हसली." तिने हेमराजकडे वळून पाहिलं. "तो शंख खोटा होता का? समुद्रातलाच होता ना? आवाज यायचा ना त्यातून? मंग माझी पोरगी जाईन."

"आत्ता तर तू सौंसरचं कॉलेज म्हणत होतीस!"

"आत्ता म्हणत होती. आता नाही म्हणत."

हेमराजने मामाकडे पाहिलं. भैय्याजींनी ताबडतोब बाजू बदलली, कारण ज्या बाजूला गंमत जास्त तिकडे ते असत. "पाहेल माणूस पाहिजे ना तुले? मंग पाहून याले पाठव की. मास्तरची पिकनिक अर्धी राहिली हाय, सरकारी काम हाय ते. पुरं होऊ दे."

"मी जातो," नत्थूजी म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "पोरीसोबत जातो. पंधरा दिवस राहतो. खोली पाहतो, रस्ता पाहतो, शेजारी कोण हाय ते पाहतो. मले पटलं नाही तर पोरीले घेऊन येतो. आणि पुढच्या पोळ्याले याच बैलावर हात ठेवून तुले सांगतो, काय पाहिलं ते."

 चितऱ्याने मान हलवली, घुंगरं वाजली, आणि त्याच्या पायाखाली डॉल्फिनचं नाक केव्हाच पुसलं गेलं होतं. शेवटी हेमराजने बापाकडे न पाहता विचारलं, "रायपूरले उतरसान का पुन्हा?"

"कायले उतरतीन?" प्रेमलताबाई म्हणाल्या. "तिथली उंची लिहेल हाय त्याइच्या वहीत. आन मी हाय ना सोबत. माझंबी तिकीट काढ, प्रणाली. यांचा सदरा धरून बसते मी रायपूर जाईपर्यंत."

"आजी, तू येशील?"

"चव्वेचाळीस वर्षं झाली मी पण तोच धडा ऐकून राहिली."

हेमराजने कासरा प्रणालीच्या हातात दिला आणि नाक शिंकरायला गोठ्यामागे गेला. पाचला पंचवीस मिनिटं असताना प्रणालीने होय असं कळवलं, आणि मग एका हाताने बैल आणि एका हाताने आजोबांना धरून ती रडली. भैय्याजींनी उरलेली सुपारी जमिनीवरून उचलली, फुंकली, आणि खाण्याऐवजी परत ताटात ठेवली.

प्रेमलताबाई आत गेल्या त्या पिशवी आणि नत्थूजींचे दोन धुतलेले पायजमे घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी पहिला पायजमा उलटा केला, खिसे बाहेर ओढले, शिवणीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर तो अंगणात फडाफडा झटकला. मग दुसरा.

"हे काय करून राहिली?" नत्थूजींनी विचारलं.

"पाहून ठेवा सारे जण," त्या भावाला, मुलाला, सुनेला दाखवत म्हणाल्या. "भैय्या, तू बी पाह्य, तुले सावरगावात सांगा लागते. आत्ता याच्यात काही नाही." आणि घड्या घालून त्यांनी ते पायजमे पिशवीत ठेवले. "आल्यावर मीच धुईन. कोणी झटकायचे नाहीत."